पूल उचलणाऱ्या मॅडम

पुलावर पाऊल ठेवण्याआधी मॅडम चपला काढत. मे महिना, दुपारचे बारा, नागपूरचं ऊन. डांबर वितळून बुटांना चिकटतंय, आम्ही माणसं सावली शोधतोय, आणि निवृत्तीला टेकलेली ही ठेंगणी बाई अनवाणी पुलाच्या मधोमध जाऊन उभी. एखादा ट्रक येईपर्यंत हलायच्या नाहीत. ट्रक गेला की डोळे मिटून क्षणभर थांबायच्या आणि म्हणायच्या, "बोलून राहिला." म्हणजे पूल ठीक. गाडीसरशी हलला आणि पुन्हा जागेवर बसला, हे त्यांना तळपायातून कळायचं. पण कधी कधी म्हणायच्या, "हा गप झाला गा." मग मात्र आमचा सगळा आठवडा त्या पुलाखाली जाणार हे नक्की.

तुम्ही म्हणाल, श्रद्धा असेल. लोकांनाही तसंच वाटायचं. एका ओढ्यावरच्या छोट्या पुलावर त्या सलग तीन दिवस अशा उभ्या राहिल्या, तर चौथ्या दिवसापासून गावातल्या बायाही तिथे चपला काढू लागल्या. आठवड्यात कठड्यापाशी शेंदूर लावलेला दगड आला. महिन्याने आम्ही तपासणीला गेलो तेव्हा नारळ फोडून फोडून कठड्याचा टवका निघालेला होता. मॅडमनी कपाळावर हात मारला. देव उचलून शेजारच्या कडुनिंबाखाली नेऊन ठेवला, त्याला हात जोडले आणि टवक्याचं माप वहीत लिहून घेतलं.

मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा माझी पदवी माझ्या डोक्यात चांगलीच चढलेली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, घर कुठे. मी सांगितलं, धरमपेठ. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "काय गा धरमपेठ, आज बी बुटाले पॉलिश?" अख्खं ऑफिस हसायचं. खोटं कशाला सांगू, मला राग यायचा. माझ्याकडे पदवी, त्यांच्याकडे पदविका, आणि हुकूम मात्र त्यांचा. हे पचवायला मला वर्ष लागलं, आणि ते वर्ष मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

त्या मूळच्या कुहीकडच्या. घर धान पिकवणारं. गावातून इंजिनिअरिंगची पदविका घेणारी ती पहिली मुलगी, आणि लागली कुठे, तर पुलांच्या विभागात. तीस वर्षं नागपुरात काढली, पण बोलीत फरक नाही. मोठ्या साहेबांसमोरही "मले वाटते" आणि "तुमाले सांगते". साहेब लोक आधी हसत, मग सवय होऊन जाई.

जीपमध्ये बसलं की त्यांना जुने पूल आठवत. आमच्याकडे लोक आजोळच्या गोष्टी सांगतात, तशा त्या कमानींच्या सांगत. दगडी कमान बांधताना खाली लाकडी साचा असतो. कमान पुरी झाली की साचा काढायचा. पण एका बाजूने आधी सुटला, तर कमान तिकडेच बसते आणि तडकते. मग जुन्या लोकांनी काय केलं? साच्याचे पाय वाळूने भरलेल्या पेट्यांवर उभे केले. वेळ आली की सगळ्या पेट्यांची भोकं एकाच वेळी उघडायची. वाळू गळत जाते, साचा सगळीकडून सारखा, केसाकेसाने खाली येतो, आणि कमान आपल्या बळावर उभी राहते. "ना मशीन, ना लाइट. नुसती रेती. किती अक्कल होती पाह्य गा मानसाले," असं म्हणून त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या. चुन्यात गूळ आणि बेलाचा गर कालवणारे, नव्या पुलावर भरलेल्या बैलबंड्या रांगेने उभ्या करून त्याची परीक्षा घेणारे, हे सगळे अनाम लोक त्यांचे काका-मामा होते. मी ही गोष्ट डझनभर वेळा ऐकली असेल. मान डोलवायचो आणि मोबाइल बघायचो.

मग खाप्याच्या बाजूचा कन्हान नदीवरचा एक जुना पूल गप झाला. नेमका कुठला, ते सांगत नाही. उभा आहे बिचारा, उगाच नजर लागायची.

आपल्याला वाटतं पूल म्हणजे जागचा न हलणारा दगडधोंडा. तसं नसतं. उन्हात तो लांबतो, थंडीत आखडतो. त्याला सरकायला जागा हवी, म्हणून खांब आणि पूल यांच्यामध्ये लोखंडी रोलर बसवलेले असतात. या पुलाचे रोलर वयापरत्वे गंजून जाम झाले होते. मी मॅडमना लांबलचक आकडेमोड करून दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि गावकऱ्यांना सांगितलं, "मांडी घालून लय वेळ बसलं तं पायाले मुंग्या येतात का नाही? त्याले मुंग्या आल्या हायेत. पाय मोकळे करून द्याले पाह्यजे, नाही तं एक दिवस खांब फुटन." माझ्या सहा पानांत होतं तेही एवढंच.

इलाज असा, की पूल खांबावरून बोटभरापेक्षाही कमी उचलायचा, गंजके रोलर काढायचे, रबराचे नवे जाड ठोकळे आत सरकवायचे आणि पूल पुन्हा खाली ठेवायचा. सांगायला सोपं आहे. असे सात खांब होते.

तोवर जड गाड्यांना पूल बंद झाला. बस नदीच्या अलीकडे थांबू लागली आणि पलीकडच्या गावांतले लोक चालत पूल ओलांडून तिला गाठू लागले. वरून पत्र आलं, की पावसाळ्याआधी दुरुस्ती झाली नाही तर पूल माणसांनाही बंद. म्हणजे पलीकडच्या गावांना भला मोठा फेरा, आणि तोही ज्याच्याकडे गाडी असेल त्याला. कॉलेजात जाणाऱ्या पोरींचा एक घोळका रोज आमच्या समोरून चालत जायचा. त्यातल्या एकीने मॅडमना विचारलं, की पूल बंद झाला तर बाबा म्हणतात कॉलेज सोड, आम्ही काय करायचं? मॅडम म्हणाल्या, "पाऊस लागाच्या आत बस तुमच्या गावात येईन. माहा शब्द हाय."

मी जीपमध्ये त्यांना चांगलंच सुनावलं. सरकारी माणसाने तारीख देऊ नये, हा आपल्याकडचा पहिला धडा. शिवाय मे महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. शब्द त्यांचा, आणि निस्तरायचं मी. त्या एवढंच म्हणाल्या, की पोरीचं शिक्षण सुटलं तर पुन्हा लागत नाही, हे मला माहीत आहे, तुला नाही.

एका खांबावर बारा जॅक लागत होते. प्रत्येकाला एक नळी, नळीच्या टोकाला एक हातपंप, शेजारी किती उचललं ते दाखवणारा काटा. बाराही दांडे एकाच वेळी, एकसारखे दाबले गेले पाहिजेत. एक कोपरा जरा जास्त उचलला की वरचं काँक्रीट तडकलंच. हे काम आपोआप करणारं यंत्र असतं, पण ते दुसऱ्या राज्यात अडकलेलं होतं आणि पावसाळ्यानंतर मिळणार होतं. म्हणून कंत्राटदाराने बारा दणकट गडी आणले. सगळे पहिलवान. उंच मचाणावर ओळीने बसले आणि त्यांच्या मुकादमाने शिट्टी वाजवायला सुरुवात केली.

पहिल्या दहा मिनिटांत गोंधळ. पुलाखाली शिट्टी घुमायची, एकीच्या दोन ऐकू यायच्या. त्यात प्रत्येकाचं लक्ष शेजारच्याच्या काट्याकडे. त्याचा काटा माझ्यापुढे कसा गेला, म्हणून हा जोर लावणार. मग तिसरा त्याच्यावर चढ. कोणी कोणाला मागे टाकतोय याचीच शर्यत लागली. आणि एका टोकाला सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला. सगळे गार. काँक्रीटला केसासारखी चीर गेली होती. पूल आहे तसा खाली ठेवला आणि गडी निमूट उतरले.

मोठे साहेब दुपारी आले. चीर बघितली. चीर भरता येईल म्हणाले, पण हा खेळ पुन्हा नको. "मॅडम, बहुत हो गया. अब मशीन आने दो." म्हणजे पूल बंद. ते गेल्यावर मॅडम नदीच्या वाळूत बसल्या. मी म्हणालो, पोरींना सांगून टाकू या. त्या वाळूकडे बघतच म्हणाल्या, "ताकद कमी नाही पडली गा. लाज कमी पडली. पुढं जायाची लाज वाटाले पाह्यजे होती त्याइले."

मला वाटलं, ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी त्या रजेवर गेल्या तेव्हा तर खात्रीच पटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक टेम्पो नदीकाठी येऊन थांबला. त्यातून मॅडम उतरल्या आणि मागोमाग नऊवारी लुगड्यांतल्या, साड्यांतल्या बारा बाया. भाकरीची गाठोडी, पाण्याच्या कळश्या. कोणी चाळिशीतली, कोणी साठीची. सगळ्यांच्या पुढे सुगंधाबाई, मॅडमच्या माहेरच्या गावातल्या रोवणीच्या टोळीची म्होरकी. मला हसू आवरेना.

"काहून हसून राहिला गा धरमपेठ?"

मी म्हणालो, मॅडम, ह्या काय करणार?

"तुह्या मशीनचं काम करतीन."

तुम्ही कुहीकडे पावसाळ्यात गेला असाल तर धानाची रोवणी पाहिली असेल. गुडघाभर चिखलाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, बाया एका ओळीत वाकून उभ्या राहतात आणि रोपं लावत लावत मागे सरकतात. दहा-बारा जणी, पण ओळ दोरीने आखल्यासारखी सरळ. मी लहानपणापासून बसच्या खिडकीतून हे बघत आलोय, आणि ही ओळ सरळ का राहते, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. त्या दिवशी सुगंधाबाईंनी सांगितलं. शेजारणीच्या हातापुढे आपला हात न्यायचा नाही. नजर आपल्या रोपावर नसते, शेजारणीच्या मनगटावर असते. ज्या बाईचा हात सगळ्यांत हळू, तिच्या चालीने सगळ्या चालतात. आणि जी पुढे जाते, तिला हसतात. "जे पुढं पुढं करते तिले आमी टोळीतून काढून टाकतो बापा. तिच्यानं सारी बांधी वाकडी होते."

गड्यांची टोळी सगळ्यांत जोरकस माणसाच्या मागे धावली होती. या बाया सगळ्यांत हळू हातासाठी थांबणाऱ्या होत्या. पूल उचलायला हेच तर हवं होतं, आणि हे माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं.

साहेब ऐकायला तयार नव्हते. "ये कोई खेती है क्या?" असं त्यांनी फोनवर विचारलं. मॅडमनी त्यांना फक्त एकदा येऊन बघा म्हटलं. काठावर मोडक्या पुलाचा एक जुना, काही टनांचा काँक्रीटचा तुकडा पडलेला होता. त्याखाली बारा जॅक लावले आणि बायांना दोन दिवस सराव दिला. साहेब आले त्या सकाळी मॅडमनी त्या तुकड्यावर पितळेची परात ठेवली आणि ती काठोकाठ पाण्याने भरली. पाणी काठावर थरथरत होतं. बाया बसल्या, पदर खोचले, गाणं सुरू झालं. ओळ संपली की दांडा खाली, ओळ संपली की दांडा खाली. काँक्रीट उचललं गेलं, तिथे थांबलं, आणि पुन्हा खाली बसलं. साहेब परातीवर वाकून बसले होते. एक थेंब सांडला नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मला विचारलं, की परातीत पाणीच आहे ना? मी बोटाने पाणी हलवून दाखवलं. मग ते म्हणाले, "ठीक है. लेकिन आप खडी रहेंगी." मॅडम म्हणाल्या, तुमी म्हटलं नसतं तरी उभीच राहिली असती.

मग गाण्याची निवड झाली. हसू नका, हे फार गंभीरपणे झालं. एक गाणं छान होतं पण मध्येच धावायचं. एकात माहेरची आठवण निघायची आणि दोघी-तिघींचा गळा भरून यायचा, ते मॅडमनी घड्याळ बघत बाद केलं. शेवटी एक ठरलं. आंबे खायला आलेला जावई, त्याला झाडावरून उतरताच येत नाही आणि सासू खालून पाय कुठे ठेवायचा ते सांगते, असं ते लांबलचक गाणं. चाल संथ, प्रत्येक ओळीचा शेवट ठाम. कामाच्या पद्धतीच्या कागदावर मी लिहिलं, "लयीसाठी मान्य गीत, एक." आयुष्यात मी लिहिलेली ही सगळ्यांत खरी तांत्रिक टीप.

पहिला खांब. पहाट फुटली होती, ऊन चढायच्या आत काम संपवायचं होतं. बाया शिडीने मचाणावर चढल्या. खाली वाळू, वर पूल, आणि त्याचं सगळं वजन बारा जणींच्या मनगटांवर. मी मोजणीच्या काट्यांपाशी वही घेऊन उभा. मॅडम ओळीच्या मधोमध.

गाणं सुरू झालं. पुलाखाली ते असं घुमलं, की नदीकाठचे लोक उठून उभे राहिले. शिट्टी घुमली तेव्हा गोंधळ झाला होता. पण या बाया आवाजाच्या भरवशावर नव्हत्याच. नजर शेजारणीच्या मनगटावर. माझे बाराही काटे सरकू लागले, आणि मी खोटं सांगत नाही, बारा भावंडांसारखे सरकू लागले. मी आकडे मोठ्याने वाचत होतो.

तेवढ्यात घोटाळा झाला. टोकाच्या बाजूला बसलेल्या सगळ्यांत वयस्क बाईंचा पदर दांड्यात अडकला. त्यांचा हात अर्ध्यात थांबला. मी ओरडणार, तोच गाणं थांबलं. बाराही हात जिथल्या तिथे. कोणी हुकूम दिला नाही. जावई झाडावर लोंबकळत राहिला आणि म्हातारीने शांतपणे पदर सोडवला, नीट खोचला, नाक पुसलं. मग त्याच शब्दापासून गाणं पुढे सुरू झालं. मी काट्यांकडे बघितलं. बाराही एका रेषेत. ते गडी असते तर त्या एका क्षणात पूल गेला असता. माझे डोळे भरून आले, आणि अशा वेळी आकडे वाचता येत नाहीत, म्हणून मी वहीत तोंड घातलं.

पूल खांबावरून सुटला. खाली आधाराला लोखंडी चकत्या सरकवल्या, गंजका रोलर ओढून काढला. तो हातात घेतल्यावर त्याचे पापुद्रे गळून पडले. नवा ठोकळा बसला. मग तेच गाणं गात पूल खाली, तितकाच सावकाश. मॅडम रडत होत्या. लपवतही नव्हत्या. साडीच्या टोकाने डोळे पुसत मला म्हणाल्या, "पाह्य गा. रेतीच्या पेट्या आन् ह्या बाया, अक्कल एकच हाय."

असे सातही खांब झाले. तिसऱ्या खांबापासून साहेब रोज पहाटे येऊ लागले. पाचव्या खांबाला मी त्यांना ऑफिसच्या जिन्यात जावयाचं गाणं गुणगुणताना पकडलं. आणि मे संपायच्या दोन दिवस आधी बस पहिल्यांदा पलीकडे गेली. गावाने डफडं आणलं होतं. ड्रायव्हरने काचेवर हार घातला. पूल ओलांडताच पोरी बसमधून अशा ओरडल्या, की पलीकडच्या काठावरची म्हातारी माणसंही नाचू लागली. बाराही बायांची गावाने ओटी भरली. सुगंधाबाई ओटीतला नारळ सावरत सरपंचाला म्हणाल्या, "आमी उचलून देला. आता जपाचं काम तुमचं."

निवृत्तीच्या आदल्या दिवशी मॅडमनी कामाचा अहवाल तपासला. "वापरलेली यंत्रसामग्री" या रकान्यात मी बारा जॅक लिहिले होते, आणि मनुष्यबळात "अकुशल मजूर, बारा". त्यांनी लाल शाईने "अकुशल" असं खोडलं, की कागद फाटला. त्या जागी "तज्ज्ञ" लिहिलं आणि खाली बाराही जणींची पूर्ण नावं, बापाच्या आणि गावाच्या नावासकट. वरून शेरा आला, की तज्ज्ञांची शैक्षणिक पात्रता कळवा. आता मॅडम ऑफिसात नव्हत्या. मी उत्तर लिहिलं, "रोवणीचा अनुभव, प्रत्येकी किमान वीस वर्षे." साहेबांनी ते वाचलं, सही केली, आणि अहवाल मंजूर झाला. आजही त्या फाइलमध्ये ते तसंच आहे. कोणाला खोटं वाटत असेल तर येऊन बघावं.

मॅडम निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात कुहीकडे राहायला गेल्या. निरोपसमारंभाला हो म्हणाल्या आणि आल्या नाहीत. त्यांची खुर्ची मला मिळाली. माणूस खुर्चीत बसला की शहाणा होतो म्हणतात. मी उलट घाबरट झालो.

जुलैत कन्हानला पूर आला. आसपासचे सखल रस्ते बुडाले आणि पलीकडच्या गावांना आमचा पूल हा एकच मार्ग उरला. सकाळी बस पलीकडच्या काठावर येऊन थांबली. आत कॉलेजच्या पोरी, त्या दिवशी त्यांची परीक्षा. खाली लालभडक पाणी. खांबावरच्या धोक्याच्या पट्ट्यापासून ते बरंच खाली होतं, नियमाने पूल बंद करायचं काही कारण नव्हतं. पण नियम डोक्यात असतो आणि भीती पोटात. नवे ठोकळे बसल्यानंतरचा हा पहिला पूर. साहेब फोनवर म्हणाले, जागेवर तू आहेस, तूच ठरव. ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून विचारलं, "जाऊ का साहेब?"

मी मॅडमना फोन लावला. नुसती घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही कोणी उचलला नाही. मग लक्षात आलं, रोवणीचे दिवस. त्या बांधीत असणार, चिखलात, ओळीत. माझ्यासाठी ओळ सोडून कोण येणार?

पुलावर मी एकटा उभा होतो. वही काढली. पाणी आणखी चढायच्या आधी, पहाटेच, मी सातही खांबांचे ठोकळे स्वतः दोरीने उतरून मोजलेले होते. एकही केसभर हललेला नव्हता. तेच आकडे मी पुन्हा वाचले, सावकाश, पहिल्यापासून. मग पुलाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि हात केला.

बस आली. माझ्या पायाखालून पूल हलला आणि परत जागेवर बसला. काचेला नाक लावून एक पोरगी माझ्याकडे बघून हसली. बस पुढे गेली, वळली आणि दिसेनाशी झाली. मागोमाग दुधाच्या गाड्या, एक ट्रॅक्टर, मग माणसं. मी तिथेच कठड्याला टेकून लहान मुलासारखा हसत सुटलो. त्या दिवसाइतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. मागे बायांचा कलकलाट चालला होता, कोणीतरी हात धूत असावं. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "बस गेली?"

"गेली मॅडम."

"पोरी परीक्षेले पोचल्या?"

"पोचल्या."

मग अगदी साधेपणाने, खरंच कळलं नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "मंग मले फोन काहून केला होता गा?"